प्राथमिक शाळांची तुलना आणि स्थलांतराचे महिने : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

शाळातपासनिसांच्या शेरेबुकापासून प्राथमिक शाळांची परस्परांशी तुलना होत आलेली आहे. तथापि २००५ पासूनच्या 'असर' पाहण्या, 'यूडायस'ची माहिती, २०१५ सालचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आणि 'शाळासिद्धी'चे मूल्यमापन यांमुळे या तुलनेस आकड्यांचे जे बळ प्राप्त झाले, ते पूर्वी नव्हते. शिक्षकांची पदे आणि क्वचित शाळेचे अस्तित्वही आता पटावरील आकड्यावर अवलंबून असते. म्हणूनच हे आकडे कोणत्या महिन्यात घेतले जातात, हा वरवर क्षुल्लक भासणारा प्रश्न जालन्यासारख्या जिल्ह्यात निर्णायक ठरतो.

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांतील प्रदेश मिळून हा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते, आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे अंबड व घनसावंगी या तालुक्यांतील काही पट्ट्यांत ऊस उभा राहिला. परंतु कालव्याच्या वरच्या अंगास असलेली कोरडवाहू गावे आणि तांडे, तसेच मंठा-परतूरकडील वस्त्या, ऊस तोडावयास परजिल्ह्यांत जातात. दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे त्या व्यवहाराच्या भाषेत 'कोयते', गाडीत बसतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात, आणि हंगाम संपून ती परततात तेव्हा शाळेचे वर्ष सरत आलेले असते. एकाच तालुक्यात पाच-सात मैलांच्या अंतराने बारमाही भरणारी शाळा आणि हिवाळ्यात निम्मी ओस पडणारी शाळा असल्यावर त्या तालुक्याच्या सरासरीस कितपत अर्थ उरतो?

पटसंख्येची गणना दीर्घकाळ ३० सप्टेंबर या तारखेस धरण्यात आली, आणि शिक्षकांची संचमान्यताही तिच्याच आधारे होत आली. ही तारीख हंगामापूर्वीची आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत राज्यभर झालेली पटपडताळणी, जिच्यात मुलांच्या बोटांस शाई लावण्यात आली, तीही हंगामापूर्वीच उरकली. तिच्यातून खोटी नावे उघडकीस आली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण ज्यांची नावे खरी आहेत आणि तरीही जी मुले जानेवारीत वर्गात नसतात, त्यांची नोंद घेण्याचे सामर्थ्य त्या शाईत नव्हते.

'असर'ची गोष्ट निराळी. ती पाहणी शाळेत बसून नव्हे, घरोघर जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासते. एका जिल्ह्यात तीस गावे आणि प्रत्येक गावी वीस घरे, म्हणजे सहाशे कुटुंबे, असा तिचा नमुना. जिल्ह्याचे स्थूल चित्र त्यातून मिळते. तिच्या आधारे एका शाळेस दुसरीहून सरस ठरविणे हा मात्र त्या पाहणीवरच अन्याय होय.

प्रत्यक्ष शाळानिहाय गुणांच्या तक्त्यांत याहून मोठा दोष संभवतो. वस्तीवरील शाळेत चौथीच्या वर्गात आठ मुले असली, तर एका मुलाच्या गैरहजेरीने निकाल साडेबारा टक्क्यांनी हलतो. केंद्रशाळेच्या चाळीसांच्या वर्गात तोच फरक अडीच टक्क्यांचा. लहान शाळा तक्त्याच्या शिरोभागी व तळाशी अधिक आढळतात, यामागे अध्यापनाच्या गुणांपेक्षा अंकगणितच बहुधा अधिक असते. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानले जात असल्याने अशा शाळेतील शिक्षक दोन-दोन इयत्ता एका वेळी सांभाळतो. तांड्यावरील मुलाची घरची बोली गोरमाटी आणि कसोटीचा उतारा प्रमाण मराठीत, ही अडचण तर तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

यावर असे म्हणता येईल की, स्थलांतराची सबब पुढे करून शिथिल अध्यापन झाकले जाते. आक्षेप रास्त आहे. परंतु त्याची परीक्षा अवघड नाही. जी मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावीच राहिली, त्यांचीच प्रगती जूनपासून एप्रिलपर्यंत मोजावी आणि तिची तुलना तशाच दुसऱ्या वस्तीशी करावी. शिक्षण हमी पत्रक घेऊन कारखान्याच्या परिसरातील शाळेत गेलेल्या मुलाचे यश वा अपयश कोणत्या शाळेच्या नावे मांडावे, हे आधी ठरवावे. यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही. मुलाची महिनावार उपस्थिती हजेरीपटावर लिहिलेलीच असते.

हा केवळ पद्धतीचा वाद राहिलेला नाही. २०१७ च्या अखेरीस राज्यात दहाहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांना नजीकच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांची कल्पना पुढे आली. मोठ्या शाळेत सोबती व शिक्षक अधिक लाभतात, हे तिचे समर्थन वजनदार आहे. परंतु तांड्यावरील शाळा उठली, तर ऊसतोडीस न जाता आजीपाशी राहणाऱ्या मुलीस नाला ओलांडून दुसऱ्या गावी जावे लागेल. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरची मर्यादा कायद्यानेच घातलेली आहे. आणि ते अंतर जमत नाही असे दिसले की आईबाप तिलाही गाडीत बसवितात.