सीझरचा मर्क्युरी आणि गॉलची दैवते

ज्युलियस सीझरच्या गॉल-युद्धवृत्तान्ताच्या सहाव्या पुस्तकातील 17 वा अध्याय आम्ही पुन्हा वाचला. गॉल लोक मर्क्युरीस सर्वाधिक भजतात, त्यामागून अपोलो, मार्स, जुपिटर व मिनर्वा यांस, असे तो लिहितो. मूळ नाव मात्र एकाही दैवताचे देत नाही. (लुस्त्र येथे लोकांनी बर्णबास ज्यूस व पौलास हर्मीस ठरविले, त्याच जातीची ही घाई.) हा अध्याय गॉलच्या धर्माचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, आमच्या मते तो प्रथमतः रोमी मनाचा पुरावा होय.

त्याहून भक्तांनी स्वतः कोरविलेले शिलालेख आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतात. ब्रिटनमधील बाथच्या उष्ण झऱ्यापाशी देवीच्या जोडनावात स्थानिक सुलिस आधी येते, मिनर्वा नंतर. स्पेनमधील मेरिदाच्या परिसरात अतैकिना ही प्रोसर्पिनाशी जोडली गेली. पोर्तुगालमधील साओ मिगेल दा मोता येथील एंदोवेलिकसची गोष्ट याहून निराळी. त्याचे नवस लॅटिन भाषेत, रोमी घडणीच्या संगमरवरी वेदींवर फेडले गेले. भक्तांनी रोमची भाषा घेतली, वेदी घेतली. देवाला हाक मात्र त्याच्या जुन्या नावानेच मारली. सीझरच्या यादीत अशा भक्ताला जागाच नाही.