कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

बोर्डीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली उभं राहून समुद्राकडे पाहा. झाईकडच्या मच्छीमारांच्या होड्या दिसतील, डिझेल इंजिनाचा आवाजही येईल. आता जहाजांच्या प्रदूषणाचा अंदाज बांधण्याची आजची सर्वांत लोकप्रिय पद्धत इथे लावा. उत्तर जवळजवळ कोरं येईल!

पद्धत तशी सोपी आहे. इंजिनाची क्षमता, त्यावरचा भार, चाललेले तास आणि उत्सर्जन गुणांक यांचा गुणाकार करायचा. जहाज कधी कुठे होतं, किती वेगाने जात होतं, हे एआयएस यंत्रणेच्या संदेशांवरून कळतं.

तिचं बळ आधी मान्य करू. समजा, मुख्य इंजिन १०,००० किलोवॉटचं आहे. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते, म्हणजे १,२५० किलोवॉट. बंदरात शिरायला दोन तास लागले, तर २,५०० युनिट झाले. मग धक्क्याला लागल्यावर १,००० किलोवॉटचं सहायक इंजिन २४ तास चाललं, तर २४,००० युनिट! उभं जहाज वस्तीजवळ जास्त धूर सोडू शकतं, हे या हिशोबामुळेच लक्षात येतं.

पण एआयएसची आंतरराष्ट्रीय सक्ती प्रामुख्याने मोठ्या जहाजांसाठी आहे. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांसाठी ही मर्यादा ३०० ग्रॉस टनेजची. छोटी होडी संदेशच पाठवत नसेल, तर तक्त्यात ती नसतेच. आणि आपण कोरा रकाना शून्य समजून बेरीज करतो. माझा आक्षेप इथे आहे.

याने बिघडतं काय? डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. याच तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. उद्या हवेतले नायट्रोजन ऑक्साइड वाढले, तर किती जहाजांचे आणि किती होड्यांचे, हे कशावरून ठरवणार? जहाजं आल्यावर ‘आधीची हवा’ मोजता येत नाही.

मग करायचं काय? होड्यांसाठी उलट्या बाजूने या, इंधनापासून सुरुवात करा. डिझेल परताव्यासाठी मच्छीमार सहकारी संस्थांना खरेदीचा हिशोब ठेवावा लागतो. लिटर गुणिले प्रतिलिटर उत्सर्जन, एवढं केलं तरी रकाना भरायला लागतो. मात्र जून-जुलैच्या मासेमारी बंदीतली हवा मे महिन्याशी ताडून ‘होड्यांचा वाटा’ काढायचा मोह टाळा. त्या काळात पाऊसही हवा धुतो आणि वाराही बदलतो.

प्रबंधाचा आराखडा लिहिताना एक प्रश्न समोर ठेवा: माझ्या साधनाला कोण दिसत नाही? त्याचं उत्तर पद्धतीच्या प्रकरणातच लिहा, शेवटच्या ‘मर्यादां’त ढकलू नका. आणि त्याआधी एकदा किनाऱ्यावर जाऊन होड्या मोजून या.