पवार : योगायोगाचा वारसा कसा झाला?

मागच्या दिवाळीत पीपलरावांला पुतण्याकडे गेलो, तेव्हा त्याने आपल्या कुळवृत्तांताची कच्ची प्रत माझ्यापुढे ठेवली. "काका, प्रस्तावना तुम्हीच लिहायची." पहिल्याच पानावर वंशवृक्ष होता. वर राजा भोज, खाली माझे पणजोबा आणि मध्ये एक सरळ रेघ. प्रस्तावना मी लिहिली नाही. त्याला रागही आला असेल. पण माळव्यातल्या बऱ्याच पवार घरांत हीच रेघ ओढलेली असते, म्हणून माझी हरकत इथे मांडतो.

रेघेला आधार म्हणून जॉन माल्कमचं नाव दिलं आहे. मध्य हिंदुस्थानावरचा त्याचा ग्रंथ 1823 साली निघाला. मराठ्यांच्या यशामुळे आनंदराव पवारांकडे धार आली आणि पूर्वी तिथून हाकलल्या गेलेल्या कुळाची सत्ता परत आली, असं तो म्हणतो खरा. पण त्याला तो एक विलक्षण योगायोग म्हणतो. हा शब्द कुळवृत्तांतात गळाला आहे. शिवाय मध्ये सातशे वर्षं गेली, असं माल्कमने लिहिलं. शेवटचा परमार राजा महलकदेव 1305 मध्ये अलाउद्दीन खलजीच्या फौजेकडून मारला गेला आणि पवार माळव्यात ठाण मांडून बसले ते 1728 नंतर. म्हणजे अंतर सव्वाचारशे वर्षांचं. पुतण्याने तो सातशेचा आकडा तसाच उतरवून घेतला आहे.

आता शब्दाकडे पाहू. परमारचं पंवार आणि पवार होणं भाषेच्या अंगाने पटण्यासारखं आहे. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, तसाच इथेही म चा व झाला. राजस्थानात पंवार म्हणतात, वैनगंगेकाठी पोवार, आणि इंग्रजी कागदांत धार-देवासच्या राजांचं पुआर झालं. शब्द एकच, हे मान्य. पण शब्द एक म्हणून रक्त एक, असं होत नाही.

परमार दक्षिणेकडे आले होते, यालाही पुरावा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा शिलालेख शके 1034 चा, म्हणजे इ.स. 1112 चा आहे आणि त्यात परमार जगद्देवाचं नाव आहे. पण तिथून थेट सुप्याच्या पवारांपर्यंत उडी मारता येत नाही. राजघराण्याच्या वंशावळीतला मूळपुरुष साबूसिंग शिवकाळातला. जगद्देव आणि त्याच्यामध्ये पाचशे वर्षं उरतात, आणि पुतण्याची रेघ नेमकी त्यांवरून जाते.

दुसरी गोष्ट आडनावाच्या पसाऱ्याची. पवार मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांत आहेत, दलितांत आहेत. 'बलुतं' लिहिणारे दया पवार आणि 'आयदान' लिहिणाऱ्या उर्मिला पवार यांचं आडनाव तेच. हे सगळे भोजाचे वंशज म्हणायचे का? की आपण तेवढे खरे आणि बाकीचे नुसते नावाचे? कुळवृत्तांतात एक वाक्य आहे, "अस्सल पवार तेवढेच." माझी खरी हरकत या वाक्याला आहे. आडनाव गावावरून पडतं, धन्यावरून पडतं, टोळीच्या कुळीवरून चालत येतं, कधी शाळेत नाव घालताना गुरुजी लिहितील तेच कायम होतं. उलटंही होतं. फलटणचे नाईक मूळचे पवार असल्याचं सांगतात, पण निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. म्हणजे नाव तेच राहूनही घराणी वेगळी असतात आणि नाव बदलूनही घराणं तेच असू शकतं.

मग खुद्द भोजाचं घराणं कुठून आलं? हरसोलचा ताम्रपट इ.स. 949 चा, दुसऱ्या सीयकाचा. त्यात आधी राष्ट्रकूट राजांची नावं येतात आणि त्यांच्याच कुळात सीयकाचे पूर्वज झाले, असा मजकूर आहे. त्यावरूनच डी. सी. गांगुलींनी परमारांना राष्ट्रकूट शाखेचे मानलं. त्या ताम्रपटात अबूच्या अग्निकुंडाचं नावही नाही. कुंडातून वीर निघाल्याची कथा येते ती पद्मगुप्ताच्या 'नवसाहसांकचरिता'त, आणि हा कवी होता भोजाचे वडील सिंधुराज यांच्या दरबारी. राज्य वाढलं तसं मूळही उंच गेलं. आपल्या पुतण्याने हजार वर्षांनी तेच केलं, एवढंच!

कुणी म्हणेल, काका, कशाला एवढी चिरफाड? पोरांना अभिमान वाटला तर बिघडलं काय? अभिमान वाटावा असं बरंच आहे की. सुपे-पारनेरच्या कोरडवाहू मुलखातून निघालेली माणसं नर्मदा ओलांडून इथे आली. देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राज्यं, हा प्रकार तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी सुरू केला आणि तो 1948 पर्यंत चालला. त्यांच्या मागोमाग आमच्यासारखी साधी पवार घरं आली. आम्ही राजघराण्यातले नव्हतो, त्यांच्या पथकांबरोबर आलेले होतो. घरात आजही मराठी बोलतात आणि ओट्यावर आले की माळवी. हे सगळं पोटापाण्यासाठी घर सोडलेल्यांचं आहे. "घरी परत आलो" म्हटलं की त्यांचे कष्टच पुसले जातात.

पुतण्याला मी एवढंच सांगितलं, की आपल्या घरातला सगळ्यात जुना कागद शोध आणि झाड तिथून सुरू कर. त्याच्या वर पान कोरं ठेव. आणि "अस्सल" हा शब्द काढ. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

मंडळाच्या वाचकांनाही विनंती आहे. तुमच्याकडे भाटाची बही, जमिनीचा कागद, जुनी लग्नपत्रिका, काहीही असेल आणि त्यात पवार, पंवार, पुआर, पोवार यांपैकी कोणतंही रूप असेल, तर साल आणि गाव लिहून नक्कल मंडळाकडे पाठवा. जातपात बघायचं कारण नाही. सगळे कागद एकत्र मांडले, तरच हे नाव कुठून कुठे गेलं ते कळायला लागेल.