खूण म्हणजे भविष्य नव्हे

लहान मुलांच्या मूत्रपिंडातील ‘विल्म्स ट्यूमर’ या कर्करोगावरील लेखनात एक तक्ता हमखास असतो : अमुक खूण दिसली तर मूल बरे होईल, तमुक दिसली तर आशा कमी. तक्ता उपयोगी आहे, पण त्याच्या मांडणीला आमची हरकत आहे.

१९७८ साली बेकविथ व पामर यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय अभ्यासातल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. प्रतिकूल ठेवणीच्या पेशी थोड्याच मुलांत आढळल्या, पण सुमारे निम्मे मृत्यू याच गटात होते. २००५ साली आणखी एक खूण पक्की झाली : गाठीच्या पेशींत १ व १६ या दोन्ही क्रमांकांच्या गुणसूत्रांचे ठरावीक भाग हरवले असतील, तर रोग उलटण्याचा धोका अधिक. पुढे अशा मुलांचे उपचार तीव्र केले गेले आणि निष्कर्ष सुधारले. खूण तीच राहिली, भाकीत बदलले!

युरोपात बहुधा आधी औषधे, मग शस्त्रक्रिया. अमेरिकेत बहुधा उलट. औषधांनंतरही गाठीत मुख्यतः अपक्व ‘ब्लास्टेमा’ पेशी उरल्या तर ती धोक्याची खूण होय. औषधांपूर्वी दिसलेल्या त्याच पेशींना हा अर्थ नसतो.

म्हणजे भाकीत केवळ खुणेचे नसते. खूण केव्हा पाहिली आणि उपचार कोणते केले, यांवरही ते ठरते. तक्त्यात नेमके हेच रकाने गाळलेले असतात. शिवाय टक्केवारी गटाची असते, समोरच्या एका मुलाची नव्हे. वर्गात असा तक्ता आला, तर ‘कोणत्या उपचारानंतर?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना आधी विचारायला शिकवावे.