शिवेचा साक्षीदार आणि नकाशा

नकाशा हा काही साहित्यप्रकार नव्हे. तरीही वाङ्मयाला आणि सामाजिक विचाराला वाहिलेल्या या पानांवर मी नकाशाची समीक्षा करायला बसलो आहे. त्याचे कारण सरळ आहे. नकाशाही लिहिला जातो. त्याला लेखक असतो, वाचक असतो, स्वतःची भाषा असते. आणि काय सांगायचे, काय गाळायचे हे त्यातही आधी ठरलेले असते. कथा-कादंबरीतून आपला माणूस गाळला गेला तेव्हा आपण प्रस्थापित वाङ्मयाला जाब विचारला. नकाशातून आपली वस्ती गाळली गेली तेव्हा मात्र आपण तो तलाठ्याचा, मोजणीदाराचा विषय मानून सोडून दिला. कादंबरीने गाळले म्हणून आपली उपेक्षा झाली. नकाशाने गाळले म्हणून आपला रस्ता गेला, नळ गेला, मसणवटा गेला.

आपला गावनकाशा उघडून पाहा. त्यात भूमापन क्रमांकांच्या हद्दी आहेत, ओढे आहेत, दुबार तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषेने दाखवलेला पायमार्ग आहे. मधोमध किंवा एका अंगाला गावठाणाची रेघ असते आणि तिच्या आत बहुधा कोरा कागद. हा दस्तऐवज मुळात सारावसुलीसाठी जन्मला. ज्या जमिनीतून सारा मिळतो ती जमीन त्याने गुंठ्यागुंठ्याने मोजली. ज्या माणसाच्या नावावर जमीनच नाही, त्याची दखल घेण्याचे त्याला कारण नव्हते. गावकुसाबाहेर किती घरे आहेत, ती पाणी कोठून आणतात, मयत कोणत्या वाटेने नेतात, याविषयी हा नकाशा मुका आहे. हे मौन निरागस नाही. त्यामागे माणसाची किंमत सातबाऱ्यावर ठरवणारी एक संपूर्ण मूल्यव्यवस्था उभी आहे.

यातला क्रूर विरोधाभास असा की गावाची शीव कोठे आहे हे सांगणारा माणूस आपलाच होता. वतनदार महाराच्या परंपरागत कामांत शीव दाखवणे आणि शिवेच्या भांडणात साक्ष देणे हे एक काम होते. साखळी ओढणाऱ्याला दगड कोठे पुरला आहे ते त्याने दाखवले. त्याच्या शब्दावर रेघ पक्की झाली आणि त्या रेघेने त्यालाच बाहेर ठेवले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपली, वेठ संपली. शिवेचा हा साक्षीदार मात्र नकाशात आलाच नाही.

कायद्याची भाषा नकाशाच्या भाषेला कशी चिकटून चालते, तेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून जाण्याच्या वहिवाटीचा दावा तहसीलदार ठरवतो. हा दावा करायचा कोणी? तर भूमापन क्रमांकात जमीन धारण करणाऱ्याने. ज्याला शेत आहे त्याला शेतावर जायला वाट हवी, हे कायद्याला समजते. पण ज्याला शेत नाही आणि ज्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या बापाची तिरडी न्यायची आहे, त्याच्यासाठी या कलमात जागा नाही. नकाशात त्या वाटेची तुटक रेघही नसेल, तर त्याने कशाच्या आधारावर बोलायचे? पावसाळ्यात मयत अडवल्याच्या बातम्या आपण वाचतो, निषेधाचे पत्रक काढतो आणि विसरतो. त्या अडवणुकीचा पाया कागदावर घातला गेला आहे, हे आपण पाहत नाही.

आता नकाशाविषयी आपल्यात दोन भूमिका दिसतात. पहिली विद्यापीठातून आली आहे. ब्रायन हार्ले या अभ्यासकाने १९८९ मध्ये नकाशाचे विखंडन करणारा निबंध लिहिला. नकाशा हा तटस्थ आरसा नसून सत्तेची भाषा आहे आणि त्याची मौने वाचली पाहिजेत, असा त्याचा आशय. हा विचार मोलाचा आहे आणि वरचे माझे विवेचनही त्याचे ऋणी आहे. पण आपले काही तरुण अभ्यासक एवढ्यावरच थांबतात. नकाशा सत्तेचा आहे, म्हणून आपला त्याच्याशी संबंध नकाराचा! दुसरी भूमिका नव्या तंत्राने भारावलेल्यांची. उपग्रह वरून पाहतो, ड्रोनला जात कळत नाही, माहिती सर्वांना खुली झाली, म्हणजे समता आली, असे त्यांना वाटते. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पहिली आपल्या हातातले हत्यार टाकून देते, दुसरी हत्यारालाच न्याय समजते.

यावर अमेरिकेतील एक खटला मला फार बोलका वाटतो. ओहायो राज्यात मस्किंगम काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक. तेथील झेन्सव्हिल शहराच्या हद्दीला लागून, पण हद्दीबाहेर, कोल रन नावाची मुख्यतः काळ्या लोकांची वस्ती आहे. जुन्या कोळसा खाणींमुळे विहिरींचे पाणी खराब. सुमारे पन्नास वर्षे या लोकांनी पावसाचे पाणी टाक्यांत साठवले किंवा बाहेरून गाडीने वाहून आणले. आसपासच्या गोऱ्यांच्या घरांत मात्र नळ होते. २००३ मध्ये रहिवासी न्यायालयात गेले. यात वर्णाचा काही संबंध नाही, काउंटीत इतरही अनेकांकडे सार्वजनिक नळ नाही, असा बचाव झाला. बचावाची ही भाषा आपल्याला ओळखीची नाही काय?

या बचावाला उत्तर देणाऱ्या पुराव्यांत नकाशे होते. घरांच्या जागा, जलवाहिन्यांच्या रेषा, पाण्याच्या बिलांच्या नोंदी आणि कोणत्या घरात काळे राहतात, कोणत्या घरात गोरे, ही माहिती एकावर एक ठेवण्यात आली. यातली बरीचशी सरकारच्याच दप्तरातली होती. सुटी सुटी असताना ती निरुपद्रवी दिसत होती. एकत्र ठेवताच तिने भेदभावाची आकृती दाखवली. जुलै २००८ मध्ये ज्युरीने वादींच्या बाजूने कौल दिला आणि सदुसष्ट जणांना मिळून सुमारे १ कोटी ९ लाख डॉलरची भरपाई ठरवली. पाण्याची वाहिनी तर दावा दाखल झाल्यावर काही महिन्यांतच, २००४ मध्ये पोहोचली होती. जे पन्नास वर्षांत शक्य नव्हते ते काही महिन्यांत शक्य झाले! म्हणजे अडचण भूगोलाची नव्हती.

याच्या उलट उदाहरणही त्याच देशातले आहे. १९३५ ते १९४० या काळात घरकर्जासाठी काम करणाऱ्या एका संघराज्य संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्या बहुतेक सरसकट लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी धोक्याच्या ठरल्या. हे नकाशे जनतेसाठी नव्हते. ज्यांच्या घरावर लाल रंग चढला त्यांना तो पाहताही आला नाही. २०१६ पासून ते संगणकावर कोणालाही पाहता येतात आणि आज ते त्याच व्यवस्थेविरुद्धचा पुरावा म्हणून वापरले जातात. दप्तरात बंद असलेला नकाशा राज्यकर्त्याचा असतो. खुला झालेला नकाशा आपोआप आपला होत नाही. पण त्याची उलटतपासणी करता येते.

सार्वजनिक या शब्दाचे हे सामर्थ्य आपल्याला अमेरिकेने शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळणारी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, या आधारावर. रस्त्यावरचा संघर्ष आणि दप्तरातली नोंद या दोन्ही आघाड्यांवर बाबासाहेब लढले.

मग आज आपल्यासमोर काय आहे? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. तिच्या मूळ मार्गदर्शक तत्त्वांत रस्त्याचा घटक महसुली गाव नसून वस्ती आहे, हे स्वागतार्ह. पण सपाट प्रदेशात बारमाही रस्त्यापासून किंवा जोडलेल्या वस्तीपासून किमान ५०० मीटर दूर असेल तीच वस्ती 'न जोडलेली' ठरते. या व्याख्येवर कार्यकर्त्यांनी थोडे थांबावे. गावकूस आणि आपली वस्ती यांतले अंतर कितीदा ५०० मीटरच्या आतलेच असते! म्हणजे डांबर वेशीपाशी थांबले, पुढे चिखल राहिला, तरी कागदावर आपण जोडले गेलो. या अर्ध्या किलोमीटरमध्ये काही शतकांचा इतिहास आहे. मोजपट्टीला तो दिसत नाही.

याच योजनेची रस्ते, वस्त्या आणि सोयी यांची नकाशा-माहिती केंद्र सरकारने २०२२ मध्ये जनतेला खुली केली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर नकाशे तयार करण्यावरची बरीच जुनी बंधने उठवली. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले, हे योग्यच. परंतु फलकावर समतानगर आले आणि रस्ता आला नाही, तर आधी जातीच्या नावाने निदान दिसणारी विषमता आता सुंदर नावाखाली झाकली जाईल. म्हणून नावाबरोबर रस्ता, नळ आणि स्मशानाची वाट नकाशावर आलीच पाहिजे, हा आपला आग्रह हवा.

एक धोका मात्र नजरेआड करता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजून मालमत्तेची सनद मिळते ती गावठाणातल्या घराला. गायरानावर वसलेले घर त्या रेघेबाहेर राहते. तेच घर दुसऱ्या एखाद्या नकाशात उमटते तेव्हा त्यावर शिक्का असतो अतिक्रमणाचा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. त्यांच्या नातवंडांचे घर वरून अचूक दिसते आणि अचूकपणे बेकायदा ठरते. म्हणून 'आम्हाला नकाशात घ्या' एवढी मागणी पुरेशी नाही. कोणत्या शीर्षकाखाली घेणार, हे विचारले पाहिजे.

शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांनी आपल्या तालुक्यातील एक गाव घ्यावे. गावनकाशाची नक्कल मिळवावी, रस्त्यांची खुली माहिती त्यावर ठेवावी, नळयोजनेची वाहिनी माहितीच्या अधिकारात मागावी आणि मग वस्तीत जाऊन शेवटचा खांब, शेवटचा नळ, डांबर संपते ती जागा आणि मयताची वाट पायांनी मोजावी. म्हाताऱ्यांना विचारावे, वाटांची वये त्यांना ठाऊक असतात. हा नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावावा आणि ठराव मागावा. हे काम निबंधाइतकेच वाङ्मयीन आहे आणि मोर्चाइतकेच राजकीय. दुसऱ्याच्या शिवेसाठी आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या साक्ष दिली. आता आपल्या वाटेसाठी साक्ष द्यायची आहे.