विशारद झालं, आता शिकवायचं कसं?

महाराष्ट्रात शास्त्रीय नृत्य शिकवणाऱ्यांची वानवा नाही. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कोल्हापूर, कुठेही पाहा. सोसायटीचा हॉल, शाळेचा रिकामा वर्ग, देवळाचं सभागृह, संध्याकाळी पाचनंतर सगळं तत्काराने दणाणत असतं. यातले बरेच शिक्षक नाचायला मन लावून, वर्षानुवर्षं शिकलेले असतात. शिकवायला मात्र त्यांना कोणी शिकवलेलं नसतं, आणि याचं कोणाला काही वाटतही नाही.

रस्ता ठरलेला आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात आणि प्रवेशिका, मध्यमा करत विशारदपर्यंत जातात. त्यापुढे अलंकार. विशारदचं प्रमाणपत्र हाती आलं की त्याच वर्षी पहिली बॅच सुरू होते, अनेकदा त्याच्या आधीच. विशारद म्हणजे शिकवण्याचा परवाना, असं कोणी कधी ठरवलेलं नाही. ते आपोआप होऊन बसलं. या परीक्षांच्या लेखी भागाचा भर नायिकाभेद, घराण्यांचा इतिहास, तालांचं लिपीबद्ध लेखन आणि नाट्यशास्त्र-अभिनयदर्पणातल्या व्याख्यांवर असतो. ते यायलाच हवं. पण आठ वर्षांच्या मुलीला सम कशी दाखवायची, लाजऱ्या मुलाला पढंत कशी म्हणायला लावायची, एका बॅचमध्ये तीन पातळ्यांची मुलं असतील तर तास कसा आखायचा, यातलं काही त्या लेखी तयारीत सापडत नाही.

त्यात दहावीच्या वाढीव गुणांची भर पडली. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना राज्य सरकार हे गुण देतं. हेतू चांगला होता. परिणाम असा की पालक आता पहिल्याच भेटीत विचारतात, "दहावीपर्यंत किती परीक्षा होतील?" शिक्षकही मग परीक्षेचे तोडे, परीक्षेची ठाय-दुगुन-चौगुन आणि परीक्षेची वंदना एवढंच वर्षभर घोटून घेतात. दहावी संपली की वर्ग ओस. उरलेल्या चार-दोन जणींतूनच पुढचे शिक्षक यायचे असतात, आणि त्यांनीही तोवर दुसरं काही पाहिलेलं नसतं.

गंमत अशी की ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतून हे मंडळ आलं, त्यांना हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच कळला होता. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यावर त्यांनी उपदेशक वर्ग चालवला. पुढे गावोगाव जाऊन गाणं शिकवतील अशी माणसं त्यात मुद्दाम तयार केली जात. विद्यार्थी वेगळे आणि होऊ घातलेले शिक्षक वेगळे, हा भेद त्यांच्या व्यवहारात होता. नृत्यात तो भेद रुजलाच नाही.

इथे कोणी म्हणेल, गुरुशिष्य परंपरेत तरी बी.एड. कुठे होतं? नव्हतं, पण शिकवायला शिकण्याची सोय होती. गुरूंकडे पाच-सात वर्षं काढलेली शिष्या धाकट्यांचा तत्कार घ्यायची आणि गुरू पलीकडे बसून ऐकत असायचे. मध्येच आवाज यायचा, "तिला आधी हाताने ताल दे, पाय नंतर." त्या एका वाक्यात अध्यापनशास्त्राचा एक धडा असे. क्लास या संस्थेने नेमका हा दुवा तोडला. आज नवी शिक्षिका स्वतंत्र हॉल भाड्याने घेते आणि तिच्या शिकवण्याकडे पाहणारं त्या खोलीत कोणी नसतं. स्वतःच्या गुरूंची नक्कल करून ती निभावते. गुरूंनी तिला पंधराव्या वर्षी जसं शिकवलं, तसंच ती सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. माझ्या मते आजच्या दुखण्याचं मूळ हेच आहे. पदविकांचा अभाव हा त्याचा फक्त एक भाग.

कथक नर्तकी आणि गुरू रोहिणी भाटे यांचं उदाहरण या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखं आहे. 1947 मध्ये त्यांनी पुण्यात नृत्यभारती सुरू केली तेव्हा त्या विशीत होत्या, म्हणजे आजच्या नव्या शिक्षिकेच्याच वयाच्या. फरक पुढे दिसतो. वर्ग सुरू झाल्यावर त्यांचं शिकणं थांबलं नाही. लखनौचे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडून गाण्याची दृष्टी घेतली. इसाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं, अभिनयदर्पणाकडे कथकच्या अंगाने पुन्हा पाहिलं. कथकच्या बंदिशींना मराठी मनाचा डौल आला तो या सततच्या शिकण्यातून. त्यांच्या शिष्या आणि प्रशिष्या आज राज्यभर शिकवत आहेत. त्यांच्या वर्गांत गेलं तर पढंतीचा स्पष्टपणा आणि बोलांच्या उच्चारातलं वजन लगेच ओळखू येतं. हे एका शिक्षिकेने शिक्षिका घडवल्याचं फळ आहे. त्याला ना कोणती पदविका कारण, ना कोणतं अनुदान.

आता शरीराकडे येऊ. सगळ्यात मोठी तूट इथेच आहे. भरतनाट्यमची अरमंडी घ्या. पाय बाहेर वळतात ते खुब्याच्या सांध्यातून वळायला हवेत. प्रत्येक मुलाच्या खुब्याची ठेवण वेगळी असल्याने प्रत्येकाची मर्यादाही वेगळी. वर्गात मात्र बाई म्हणतात, "पावलं सरळ रेषेत!" मुलं पावलं रेषेत आणतात, खुबा साथ देत नाही, आणि मधला पीळ गुडघा सोसतो. कथकमध्ये तत्काराचा आघात. लाकडी जमीन किंवा निदान जाजम असलेली मातीची जमीन तो थोडाफार झेलते. काँक्रीटवर बसवलेली फरशी काहीच झेलत नाही. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, स्नायूबंध हाडाला जोडला जातो तिथे, दुखू लागणं नेहमीचं आहे. अशा वेळी उड्या आणि जोरकस तत्कार काही आठवडे कमी करावे लागतात. "सवय होईल" म्हणणारा शिक्षक इथे चक्क चूक करतो. घुंगरांचं ओझंही असंच. पायात किती घुंगरू हा मानाचा विषय असल्याने संख्या वयापेक्षा वेगाने वाढते. आणि शिक्षिकेचं स्वतःचं शरीर? एका संध्याकाळी चार बॅचना करून दाखवायचं, वर पढंत घशाच्या जोरावर. चाळिशीत अनेकींचे गुडघे आणि आवाज एकदमच कुरकुरू लागतात.

लयीच्या बाबतीत फोनमधल्या लहऱ्याने उपकार केले आणि अपकारही. तबलजी रोज परवडत नाही, हे मान्य. पण यंत्राचा लहरा कधी चुकत नाही, कधी थांबत नाही, मुलाकडे पाहून हसत नाही. ज्याने फक्त त्याच्यावर नाच केला, त्याला जिवंत ठेक्यासमोर उभं केलं की उपज सुचत नाही. तो फक्त समेवर पोहोचायची वाट पाहतो. शिक्षकाला स्वतः डग्गा-तबल्यावर साधा त्रिताल धरता यावा, एवढी अपेक्षा जास्त नाही. 2020 मध्ये वर्ग पडद्यावर गेले तेव्हा आवाज उशिरा पोहोचू लागला आणि एकत्र तत्कार अशक्य झाला. त्या काळात काही शिक्षकांना प्रथमच हालचाल शब्दांत सांगावी लागली: टाच आधी की पंजा, नजर हातामागे की हाताआधी. करून दाखवण्याची सोय गेली आणि शिकवणं सुधारलं. दुर्दैवाने हॉल उघडल्यावर बहुतेक जण "माझ्याकडे बघा"वर परत आले.

मराठी मुलांना भरतनाट्यम शिकवणाऱ्यांसमोर आणखी एक पेच असतो. पदं तमिळ किंवा तेलुगू; मुली ती अर्थाशिवाय पाठ करतात आणि चेहऱ्यावर शिकवलेले भाव आणतात. तंजावरच्या सरफोजीराजांच्या नावावर असलेल्या मराठी निरूपणांवर आचार्य पार्वतीकुमारांनी आयुष्याचा मोठा भाग खर्चला. सुचेता भिडे-चापेकरांनीही मराठी रचना मंचावर आणल्या. हे भांडार वर्गात किती वापरलं जातं? फार थोडं. परीक्षेला विचारत नाहीत, हेच त्याचं बहुधा खरं उत्तर. लावणीचं तर बोलायलाच नको. संगीतबारीत अदा कशी पिढीजात शिकवली जाते, बैठकीच्या लावणीत बसल्या जागी एका ओळीचे अर्थ कसे उलगडायचे, हे यमुनाबाई वाईकर आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर यांच्यासारख्यांना ठाऊक होतं. अभिनय शिकवणाऱ्या शास्त्रीय शिक्षकांनी त्यांच्या पायाशी बसायला हवं होतं. फार कमी जण बसले.

विद्यापीठांनी काही केलं नाही असं नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून गुरुकुल आणि पदवी यांची सांगड घालू पाहतं. मुंबईत मोहिनीअट्टमच्या अभ्यासक कनक रेळे यांनी नालंदा या संस्थेत नृत्याला महाविद्यालयीन शिस्त दिली, हालचालीचा शरीरशास्त्रीय अंगाने विचार केला. पण पदवीचा कल नर्तक आणि अभ्यासक घडवण्याकडेच राहतो. उन्हाळी कार्यशाळांचंही तेच. शिक्षक तिथून दोन नवे परण आणि एक तराणा घेऊन परततात, ते पुढच्या गुरुपौर्णिमेला बसवतात.

लंडनमध्ये 1904 साली स्थापन झालेली नृत्यशिक्षकांची इंपीरियल सोसायटी कथक आणि भरतनाट्यमच्याही परीक्षा घेते. तिथे नाचण्याच्या श्रेणी वेगळ्या आणि शिकवण्याची पात्रता वेगळी. बॅलेच्या रॉयल अकादमीत नोंदणीकृत शिक्षकाला दरवर्षी काही ना काही नवं शिकल्याचं दाखवावं लागतं. तिथलं सगळं आदर्श आहे असं नाही. कागदपत्रांचा सोस तिथेही आहे. पण एवढी एक विभागणी उसनी घ्यायला हरकत नसावी.

स्पर्शाचा विषय टाळून चालणार नाही. मांडी, कंबर, खांदा हाताने सरळ करणं ही आपली पद्धत. 2023 मध्ये चेन्नईच्या 'कलाक्षेत्र' या नृत्यसंस्थेतल्या विद्यार्थ्यांनी लैंगिक छळाच्या तक्रारींवरून आंदोलन केलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक वर्गांत पहिल्यांदा कुजबूज झाली. आधी विचारून मगच हात लावणं, दार उघडं ठेवणं, तक्रार कोणाकडे करायची ते पालकांना पहिल्या दिवशी सांगणं, हा शिक्षकाच्या ज्ञानाचाच भाग आहे. गुरूच्या अधिकाराला यात काही बाधा येत नाही.

माझी सूचना छोटी आहे. अलंकारच्या परीक्षेत तासभराचा एक भाग असा असावा, की उमेदवाराने कधीही न पाहिलेल्या तीन मुलांना परीक्षकांसमोर एक आमद शिकवायची. नाचून दाखवायचं नाही, फक्त शिकवायचं. आक्षेप लगेच येईल: याचे परीक्षक कुठून आणणार? स्वतः नाचून गाजलेल्या परीक्षकालाही हे जमेलच असं नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सुरुवातीची काही वर्षं नृत्यगुरूशेजारी एक अनुभवी प्राथमिक शिक्षिका आणि एक फिजिओथेरपिस्ट बसवावेत. नृत्यगुरूने आमद बघावी, दुसरीने मुलांचे चेहरे, तिसऱ्याने गुडघे. मानधन मात्र तिघांनाही द्यावं लागेल, आणि परीक्षा शुल्क थोडं वाढवलं तर पालक कुरकुर करतील. पोशाखाच्या भाड्याला ते करत नाहीत.