वेषांतराची किंमत : इसाओ ताकाहाता यांच्या चित्रपटांविषयी

हलत्या चित्रांचा सिनेमा म्हणजे मुलांची करमणूक, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यामुळे तो गंभीर चर्चेचा विषय होत नाही. परंतु माणसाला त्याच्या जमिनीवरून आणि नावावरून हुसकावले जाते तेव्हा त्याच्या आत काय घडते, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्याकडे वळलेच पाहिजे.

ताकाहातांचा जन्म १९३५ चा. जून १९४५ मध्ये ओकायामा शहरावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा नऊ वर्षांचे हे पोर त्या आगीतून वाचले. टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकून १९५९ मध्ये ते तोएई या कंपनीच्या चित्रपटशाळेत दाखल झाले. ते स्वतः चित्रकार नव्हते. इतरांच्या हातांतून त्यांना आपला सिनेमा उभा करावा लागे. तिथल्या कामगार संघटनेत ते पदाधिकारी होते. पुढे प्रसिद्धीस आलेले हायाओ मियाझाकी याच संघटनेतले त्यांचे सहकारी.

१९६८ मध्ये पडद्यावर आलेला 'होल्स' हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. एका गावावर संकट येते. गावात फूट पाडणारेही आहेत. अखेरीस सारे गाव एकत्र येऊन आग पेटवते, त्या आगीत तलवार घडते आणि शत्रूचा पाडाव होतो. संघटनेतल्या तरुणांनी आपला अनुभव गोष्टीत ओतला, हे उघड आहे. चित्रपट चालला नाही. त्यानंतर तोएईने ताकाहातांना पुन्हा मोठा चित्रपट दिला नाही आणि १९७१ मध्ये त्यांनी कंपनी सोडली.

पण या चित्रपटाच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे. त्याचा आधार होता एक कळसूत्री बाहुल्यांचे नाटक, आणि त्या नाटकाचा आधार ऐनू लोकांची मौखिक गाथा. ऐनू म्हणजे होक्काइदोचे मूळ रहिवासी. १८९९ च्या कायद्याने त्यांना 'संरक्षणा'च्या नावाखाली शेतकरी बनवण्याचा, म्हणजेच त्यांचे ऐनूपण पुसण्याचा उद्योग झाला. तो कायदा रद्द व्हायला १९९७ साल उजाडले. चित्रपटात ऐनू कुठेच नाहीत. कथा उचलून उत्तर युरोपात नेली गेली. गावाच्या एकजुटीची कथा राहिली, परंतु ती ज्यांची होती त्यांचे नाव गेले. प्रस्थापित संस्कृती शोषितांची गाणी घेते आणि गाणाऱ्याला दाराबाहेर ठेवते, हा आपल्या ओळखीचा व्यवहार आहे. संघटनेच्या बांधिलकीतून निर्माण झालेली कृतीही त्यातून सुटली नाही, हे नोंदवलेच पाहिजे.

म्हणूनच १९९४ चा 'पोम पोको' मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टोकियोलगतच्या तामा टेकड्यांवर नवे शहर वसवले गेले, ही सत्य घटना. तिथे राहणारे तानुकी, म्हणजे रूप बदलण्याची विद्या असलेले लोककथांतले रानप्राणी, बेघर होतात. ते लढतात. भुताखेतांची भली मोठी मिरवणूक काढून माणसांना घाबरवू पाहतात. लोक घाबरत नाहीत, टाळ्या वाजवतात. एका करमणूक उद्यानाचा मालक तर ही आपलीच जाहिरात होती असे सांगून मोकळा होतो. विद्रोहाचा तमाशा कसा केला जातो, याचे याहून नेमके चित्र मी पाहिलेले नाही.

शेवटी उरतो एकच मार्ग : माणसाचे रूप घेऊन शहरात मिसळायचे. ज्यांना विद्या येते ते कोट घालून गर्दीच्या गाडीत उभे राहतात. रूप टिकवता टिकवता थकून जातात. बाबुराव बागुलांनी १९६३ मध्ये जात चोरणाऱ्या माणसाची जी वेदना कथेत मांडली, ती या शहरी तानुकींच्या चेहऱ्यावर आहे. तानुकी म्हणजे दलित, असे सोपे समीकरण मी मांडत नाही. लोककथेतला प्राणी आणि हाडामांसाचा माणूस यांत अंतर आहे. परंतु खरा प्रश्न ताकाहातांनी पुढे विचारला आहे : ज्यांना रूप बदलता येत नाही त्यांचे काय? ससे आणि मुंगुसासारखे छोटे जीव 'नाहीसे झाले' असे म्हटले जाते. ते काय आपल्या मर्जीने नाहीसे झाले? नोकरी मिळवून, आडनाव बदलून शहरात स्थिरावलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा. अखेरच्या दृश्यात कोटातला एक तानुकी जुने सोबती दिसताच कपडे फेकून त्यांच्याकडे धावतो. मात्र ती भेट होते गोल्फच्या मैदानावर. टेकडी परत मिळालेली नाही.

२०१३ चा 'राजकन्या कागुया' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. त्याला सुमारे आठ वर्षे लागली. रानात वाढलेल्या मुलीला बाप सरदार घराण्यातली बनवू पाहतो. तिच्या भुवया उपटल्या जातात, दात काळे केले जातात. तिचा बालमित्र सुतेमारू लाकडी भांडी घडवत डोंगरोडोंगरी फिरणाऱ्या लोकांपैकी. राजधानीत चोरीवरून तो मार खातो आणि ती गाडीतून पाहत राहते. वर चढलेल्याची असहायता आणि त्याचा अपराध, दोन्ही त्या एका क्षणात आहेत.

ताकाहातांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. संघटनेचा हा माणूस दिग्दर्शक म्हणून सहकाऱ्यांना निर्दयपणे राबवून घेई, असे त्यांचेच निर्माते तोशिओ सुझुकी यांनी जाहीरपणे सांगितले आहे. 'काजव्यांची कबर' (१९८८) या चित्रपटात युद्धात भुकेने मरणारी दोन जपानी भावंडे आहेत, जपानी सैन्याने भरडलेले आशियाई लोक नाहीत. मात्र हा युद्धविरोधी चित्रपट नव्हे, असे ताकाहाता स्वतःच म्हणत. केवळ आपले दुःख दाखवून युद्ध थांबत नाही, हे त्यांना कळले होते. आपल्याच कृतीला इतक्या कठोरपणे तपासणारे कलावंत थोडे.

५ एप्रिल २०१८ रोजी ते गेले. पहिल्या चित्रपटात ज्यांचे नाव झाकले गेले त्या ऐनूंना 'मूळ रहिवासी' म्हणून मान्यता देणारा कायदा जपानने त्यानंतर, २०१९ मध्ये केला. आपल्या अभ्यासमंडळांत 'पोम पोको' दाखवावा आणि दिवे लागल्यावर एवढेच विचारावे : आपण शहरात आलो, मागे कोण राहिले?